प्राधान्य

पहाटे साडेचारची पाळी.
खुर्च्या अकरा, आणि यादीत एकोणीस गुडघे.
म्हणजे माणसंच, पण आमचा सुपरवायझर
गुडघे म्हणतो.

मी आधी पायताण बघते.
ज्यांना खरंच चालता येत नाही
त्यांच्या बुटांचे तळ कोरे असतात,
दोन वर्षं वापरलेला बूट
काल खोक्यातून काढल्यासारखा.
बाकीच्यांच्या टाचा एका अंगानं झिजलेल्या,
खाचांत नेरूळच्या जॉगिंग ट्रॅकची तांबडी माती.
मी काही बोलत नाही. पट्टा लावते,
"पाय वर घ्या काका," म्हणते,
आणि काका काय झटकन घेतात पाय!

तपासणीला रांग नाही.
लिफ्टमध्ये आधी आपण.
परवा एक बाई अत्तराच्या दुकानापाशी उतरल्या,
तीन बाटल्या मनगटावर मारून आल्या,
बसल्या,
आणि कण्हणं जिथं सोडलं होतं
तिथूनच पुढं सुरू केलं.

गेटवर पुकारा होतो,
ज्यांना मदत लागते त्यांनी आधी यावं.
अर्धं विमान उठतं.
उरलेल्यांत एक मास्तर, काठी टेकून,
रांगेत तिसावे.
अकरा खुर्च्या संपल्या होत्या.
"असू दे गं," म्हणाले,
"उभ्यानंच शिकवलं बत्तीस वर्षं."

त्या दिवशी माझ्या खुर्चीत शालन टिपणीस.
वय एकाहत्तर, जायचं कोइमतूरला, मुलाकडं.
चपला माझ्याहून झिजलेल्या.
मी मनात एक वाक्य परजत होते,
मास्तरांचं नाव घालून.
विमानाच्या दारापाशी त्यांनी माझा हात धरला.
"मला चालता येतं गं.
मुलानं फॉर्मवर खूण केली.
मी पाट्या वाचते आणि चुकते,
विचारायला गेलं की लोक कानात काहीतरी घालून बसलेले.
खुर्ची मागितली की
माणूस मिळतं सोबत."

वाक्य म्यान झालं.
तसंही मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?

गळ्यात पास आहे माझ्या, त्यावर फोटो, नाव भाविका.
हा पास ज्या दाखल्यावर मिळाला
तो हिराजीमामाचा.
त्याचं घर आणि वाटणीचं मिठागर
इथंच कुठंतरी, धावपट्टीखाली.
दाखल्यावर छापलंय:
प्रकल्पग्रस्त कुटुंबातील व्यक्तीस प्राधान्य.
मामाला पोर नाही,
म्हणून कागदावर मी त्याची लेक.
आमचं खरं घर पेणला.
शाबूत आहे. परड्यातला शेवगासुद्धा.

मामाचे गुडघे मिठानं खाल्ले.
नव्या जागेत तिसरा मजला, लिफ्टचा खड्डा तेवढा खणून ठेवलाय.
जिना चढतो हातांनी, बसून, एकेक पायरी.
म्हटलं, एक दिवस खुर्ची मागू का साहेबांकडं?
"मना कनाला?" म्हणाला,
"ज्याला लागंल त्याला दे."

आणि विघ्नेश मोकल.
मामाच्या शेजारचं दार.
त्याच्या घरावर बुलडोझर गेला तेव्हा
चुलीवर भात होता, असं मामा सांगतो.
तीन अर्ज केलेत त्यानं. नंबर यायचाय.
तोवर बाहेर शेअर रिक्षा चालवतो.

पाळी सुटल्यावर मी त्याच्याच रिक्षात.
"आज किती लंगडे पळाले?" हे त्याचं रोजचं.
मी आकडा सांगते, तो हसतो,
आरशात बघत गियर टाकतो.
मागं तिघं दाटीवाटीनं बसलेले,
त्यातला एक हमाल, रात्रीचा जागा,
त्याची खोली वाटेत पहिली लागते.
विघ्नेश पुढचं फडकं झटकतो.
"ये ताई, पुढं बस.
आधी तुला सोडतो."

मी बसते.